डचमध्ये अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी का लावतात?

रंकाळा_कट्टा: मंडळी, कोल्हापुरातनं ऑनलाइन डच शिकतोय, पुढं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला मास्टर्स करायचा विचार आहे. शाळेत इंग्रजीच्या सरांनी डोक्यात पक्कं बसवलंय की अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लावायचा नाही, आणि इथं तर फोटो, टॅक्सी, मेनू सगळ्यांना एसच्या आधी तो लावलेलाच. असं का?

पंचगंगा_काठ: भावा, सगळा उच्चाराचा प्रश्न हाय. डचमध्ये शब्दाच्या शेवटी एकटा ओ आला की तो लांब म्हणायचा, पण त्याला नुसता एस चिकटवला की तोच ओ आखूड वाचला जातो, म्हणून मधी अपॉस्ट्रॉफी. ए, आय, ओ, यू आणि व्यंजनानंतरचा वाय, एवढ्यालाच. म्हणून बेबीचं इंग्रजीत वाय जाऊन आयईएस होतं, डचमध्ये वाय तसाच, पुढं अपॉस्ट्रॉफी आणि एस. कॅफेला मात्र नाही, तिथं ईवरची तिरकी खूणच उच्चार सांगते. लई सरळ नियम हाय, मला तर इंग्रजीपेक्षा आवडतो.

रंकाळा_कट्टा: वा! मग मालकी दाखवताना?

उसाचा_फड: तिथं उलटं बघा दादा, यान नावाच्या माणसाचं पुस्तक म्हणताना डचमध्ये नावाला थेट एस, इंग्रजीत जॉनला अपॉस्ट्रॉफी लागतोच. पण नाव आन्ना असलं की डचमध्येपण लागतो, परत तोच शेवटचा स्वर. आणि अनेकवचनात एसवरच अडकू नका, कितीतरी शब्दांना ईएन लागतं. चंद्राच्या शब्दात दोन ए असतात, अनेकवचनात एकच उरतो, पुरुषाच्या शब्दात उलट एन डबल होतो. आधी हे पाठ करा.