दोन मोटर, दोन बॅटऱ्या, एक सुकाणू : कॅटमरानला मिक्सिंग नकोच!

पाणकावळा
रेडिओने चालवायच्या माझ्या 80 सेंटिमीटरच्या कॅटमरानला (शेजारीशेजारी दोन हल, म्हणजे दोन तळ असलेली मॉडेल बोट) दोन ब्रशलेस मोटर बसवून वर्ष झालं. माझं मत ऐका, मग झोडपा. दोन मोटर लावायच्या त्या वेगासाठी नाही, बोट परत काठाला यावी म्हणून. मी शेततळ्यात चालवतो. तिथला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की आत उतरलेला माणूस धडपणे वर येत नाही. बोट मधे बंद पडली तर ती तिथेच, मी उडी मारणार नाही.

म्हणून प्रत्येक बाजूला स्वतंत्र मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि थ्री-सेल लायपो बॅटरी पॅक. दोन्ही ईएससी वाय-वायरने (एकाची दोन टोकं करणारी वायर) रेडिओच्या एकाच थ्रॉटल, म्हणजे वेगाच्या चॅनेलवर, पण त्याआधी एकेक करून थ्रॉटलशी जुळवून, म्हणजे कॅलिब्रेट केलेले. नाहीतर एक मोटर आधी जागी होते आणि बोट निघतानाच तोंड फिरवते. वळण फक्त सुकाणूने. रेडिओत मिक्सिंग करून, म्हणजे दोन मोटरना वेगवेगळा वेग देऊन, रणगाड्यासारखं वळवणं दाखवायला छान, बाकी काही नाही.

डावा_उजवा
सपशेल असहमत. दोन मोटर असून वेगळ्या चालवायच्या नाहीत, म्हणजे बैलजोडी घेऊन एकच कासरा धरण्यासारखं. कमी वेगात सुकाणूवर पाण्याचा जोरच नसतो. धक्क्याजवळ, कमळाच्या पानांमधून बोट काढायची तर एक पुढे, एक मागे, जागच्या जागी फिरते. दोन चॅनेल घ्या, रेडिओतलं व्ही-टेल मिक्स (दोन काड्यांचे इशारे दोन चॅनेलवर एकत्र करणारी सोय) लावा, काम झालं. फक्त ईएससी रिव्हर्सवाले, म्हणजे मोटर उलटी फिरवणारे घ्या.

पाणकावळा
आणि फुल थ्रॉटलला? बाहेरची मोटर आधीच शंभर टक्क्यांवर, ती आणखी वाढणार कुठून? फक्त आतली पडते. वेगात ती एकदम पडली की आतला हल पाण्यात रुततो आणि बोट कोलांटी खाते. माझी दोनदा खाल्ली आहे.

मुख्य मुद्दा वेगळाच. गेल्या महिन्यात डाव्या प्रॉपला (पंख्याला) शेवाळ गुंडाळलं, मोटर जाम. उजवी एकटी बोटीला गोल गोल फिरवत होती. सुकाणू पूर्ण उलटं धरलं तेव्हा वाकडीतिकडी का होईना, काठाला आली. सुकाणूच नसतं तर बॅटरी संपेपर्यंत घाण्याचा बैल.

डावा_उजवा
सुकाणू काढा असं मी कुठे म्हणालो? दोन्ही ठेवा. मिक्स पाव हिस्साच द्या आणि वेगात स्विचने बंद करा. कोलांटी मिक्सिंगने नाही, हावेने खाल्लीत.

तांब्याची_तार
तुमचं भांडण चालू द्या, पण पाणकावळा, तुमच्या योजनेत भोक आहे. दोन ईएससींच्या दोन लाल वायरी रिसीव्हरला (बोटीतला रेडिओचे इशारे घेणारा भाग) गेल्या की दोन बीईसी (ईएससीतले रिसीव्हरला वीज देणारे भाग) एकमेकांवर चढतात, म्हणून एकीची पिन काढून टेप लावली असेल. बरोबर? मग ज्या बाजूची लाल वायर जोडलेली आहे, तिचा पॅक सुटला किंवा ईएससी जळला तर रिसीव्हर मेला. दुसरी मोटर, दुसरी बॅटरी, तुमचं लाडकं सुकाणू, सगळं शोभेचं. सेल खाली येऊन ईएससीने नुसती मोटर तोडली तर बीईसी चालू राहतो, तिथे तुम्ही वाचता. जळण्यात नाही. परत यायची खात्री हवी तर दोन्ही लाल वायरी काढा आणि रिसीव्हरला स्वतःचा 4.8 व्होल्टचा पॅक द्या.

गाळात_रुतलेला
मी म्हणतो एकच मोठी मोटर लावा, अर्धी वायरिंग वाचेल. नाहीतर दोन पॅक पॅरलल करा, म्हणजे दोन्ही मोटरना एकच व्होल्टेज मिळेल. वेगळे पॅक सारखे उतरत नाहीत, शेवटच्या दोन मिनिटांत बोट एका अंगाला ओढतेच.

तांब्याची_तार
पॅरलल करताना आधी मीटर लावा. एक 12.6 व्होल्टवर आणि दुसरा 11.1 व्होल्टवर असताना जोडलेत तर भरलेला पॅक रिकाम्यात धो धो करंट ओतेल.

नवशिका_नावाडी
एक शंका. दोन्ही मोटर एकाच ईएससीवर नाही का चालत? पैसे वाचतील. आणि एक प्रॉप उलटा फिरवायला काय करायचं?

पाणकावळा
ब्रशवाल्या 550 मापाच्या मोटर असतील तर दोघींना पुरेल एवढा ईएससी घ्या, चालतात. सेन्सरशिवायच्या ब्रशलेस नाही. ईएससी मोटरकडून परत येणाऱ्या व्होल्टेजवरून रोटर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे आहे ते ओळखतो. दोन मोटरचे रोटर वेगवेगळ्या स्थितीत असले की तो गोंधळतो, मोटर नुसत्या थरथरतात.

उलट फिरवायला तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रॉप मात्र त्या बाजूला डाव्या हाताचा, म्हणजे उलट्या वळणाच्या पात्यांचा हवा. आणि फ्लेक्स शाफ्ट (पीळ दिलेल्या तारेचा लवचीक दांडा) असेल तर विशेष बघा, पीळ उलट्या दिशेचा लागतो, नाहीतर भार आला की शाफ्ट उलगडतो. दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरवलेत तरी बोट चालते, फक्त एका अंगाला रेलते.

तारभाऊ, लाल वायरीचं मान्य. माझी उजवीकडची अजून जोडलेलीच आहे. चार सेलचा होल्डर ड्रॉवरमध्ये पडलाय, रविवारी बसवतो आणि मग उजवा पॅक मुद्दाम काढून काठाजवळच चालवून बघतो. मिक्सिंग मात्र नाही.

डावा_उजवा
एकदा स्विच लावून तर बघा हो.