घरचे व्यवहार आणि शेअरची किंमत: कुपवाडच्या फाउंड्रीबद्दल

कास्टिंग_कुपवाड: कुपवाड एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री. उलाढाल ४२ कोटी, व्याज-घसारा-कर धरण्याआधीचा नफा ५ कोटी, भरणा भांडवल २ कोटी, बँकेचं कर्ज ९ कोटी. पुण्याचा गुंतवणूकदार २६ टक्के हिस्सा मागतोय, कंपनीची किंमत या नफ्याच्या ६ पट धरून. पण दोन गोष्टींवर अडलाय. शेड एका संचालकाच्या पत्नीच्या नावावर आहे, भाडं महिना साडेचार लाख. शेजारी तेवढीच जागा ३ लाखांत मिळते. आणि घरच्या भागीदारी पेढीला ३ कोटी बिनव्याजी दिलेत. पैसा घरातच आहे, मग किमतीत फरक का पडावा?

ताळेबंद: शेअर १०० टक्के घरचे होते तोवर पैसा घरातच होता. आता दीड लाख जादा भाडं म्हणजे वर्षाला १८ लाख, सहा पटीनं कंपनीची किंमत १ कोटी ८ लाखांनी कमी. त्यातले साधारण २८ लाख बाहेरच्याच्या वाट्याचे. त्याला खरी धास्ती आजच्या दीड लाखाची नाही. उद्या भाडं सहा लाख केलं तर अडवणार कोण, ही आहे. म्हणून तो पटच खाली ओढतो. ६ ऐवजी ५ म्हणाला की ५ कोटी गेले.

३ कोटींचं गणित वेगळं. ६ पट म्हणजे ३० कोटी, कर्ज ९ वजा, शेअरचे उरले २१. पेढीनं पैसे फेडून सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) तेवढी उतरली असती तर २४. शिवाय सीसीचं व्याज १० टक्के धरा, वर्षाला ३० लाख कंपनी भरते आणि पैसा फिरवते पेढी. आयकरात तेवढं व्याज खर्चातून नामंजूर होऊ शकतं, बाजारभावापेक्षा जादा दिलेलं भाडंही.

कृष्णाकाठ_सीएस: त्या ३ कोटींचा प्रश्न किमतीपेक्षा गंभीर आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १८५: संचालक किंवा त्याचा नातेवाईक भागीदार असलेल्या पेढीला कंपनीनं कर्ज द्यायचं नाही. 'प्रायव्हेटला सूट आहे' हे अर्धवट ऐकलेलं असतं. इतर अटींबरोबर बँकेचं कर्ज भरणा भांडवलाच्या दुपटीच्या किंवा ५० कोटींच्या, यातलं जे कमी त्याच्या आत हवं. तुमची दुप्पट ४ कोटी, कर्ज ९. सूट गेली. कंपनीला दंड ५ ते २५ लाख, घेणाऱ्या पेढीलाही. विशेष ठरावाचा मार्ग हितसंबंध असलेल्या कंपन्यांसाठी आहे, पेढीसाठी नाही. पैसे परतच आणा.

भाडं मात्र सहज सुटेल. नातेवाइकांशी होणाऱ्या व्यवहारांच्या कलम १८८ खाली भागधारकांच्या ठरावाची मर्यादा उलाढालीच्या १० टक्के, म्हणजे ४.२ कोटी, तुमचं वर्षाचं भाडं ५४ लाख. संचालक मंडळाचा ठराव पुरे. संचालकानं आर्थिक वर्षातल्या पहिल्या बैठकीत एमबीपी-१ या नमुन्यावर हितसंबंध लिहून द्यावा, विषय निघाला की बाहेर बसावं. दोन दलालांचे लेखी भाव इतिवृत्ताला जोडा. मग ३ लाखांवर ५ वर्षांचा नोंदणीकृत करार करा, दरसालची वाढ करारातच लिहा.

कास्टिंग_कुपवाड: दोन नामवंत स्वतंत्र संचालक घेतले तर पट वाढेल का?

ताळेबंद: नुसत्या नावांनी नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळातही नामवंत मंडळी होती. १६ डिसेंबर २००८ ला त्याच मंडळानं प्रवर्तकांच्या घरच्या दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. न्यूयॉर्कला शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला, सौदा लगेच मागं घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, खोट्या हिशेबांची कबुली आली.

एकच माणूस घ्या, पण त्याच्या हाती काम द्या. नातेवाइकांशी होणारा प्रत्येक व्यवहार आणि २५ लाखांवरची प्रत्येक खरेदी त्याच्या सहीशिवाय पुढं जाऊ नये. नवी फर्नेस घ्यायची तर तीन कोटेशनं, टनामागं किती युनिट वाचतात आणि पैसे किती महिन्यांत फिटतात, हा कागद बैठकीच्या सात दिवस आधी त्याच्याकडं जावा.

कृष्णाकाठ_सीएस: एक राहिलं. ३१ मार्चला पेढीकडून पैसे भरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत काढायचे, असं काही ठिकाणी चालतं. तसं करू नका दादा. गुंतवणूकदाराचा सीए ताळेबंदावर थांबत नाही, सीसी खात्याचे बारा महिन्यांचे उतारे मागतो.