जोडणी ‘तुटली’ की ‘तोडली’?

प्रश्न

एका सॉफ्टवेअरच्या मदत-पुस्तिकेचं मराठी करतो आहे. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधलं कनेक्शन मध्येच गेलं तर काय तपासावं, यावर त्यात एक मोठं प्रकरण आहे. मूळ मजकुरात सगळीकडे एकच शब्द आहे, ‘ड्रॉप’. मराठीत मात्र मला बरेच पर्याय दिसतात: संपर्क तुटला, जोडणी खंडित झाली, कनेक्शन गेलं, डिसकनेक्ट झालं, कनेक्शन ड्रॉप झालं. यातला एक ठरवून शेवटपर्यंत तोच वापरायचा विचार आहे. कोणता घ्यावा?

प्रतिसाद

‘खंडित’ घ्या. सेवा खंडित, पुरवठा खंडित हे सगळ्यांच्या कानावरचं आहे. ‘संपर्क तुटला’ म्हटलं की माणसांमधला संपर्क आधी डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद

शब्द म्हणून ‘खंडित’ चांगला आहे, पण या प्रकरणात एकच शब्द ठेवू नका असं मी आग्रहाने सांगेन. या तक्रारी सोडवणं हेच माझं काम आहे, आणि निम्मा वेळ ‘कनेक्शन तुटलं’ म्हणजे नेमकं काय झालं हे विचारण्यात जातो.

मराठीत ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ ही जोडी आहे. तुटलं म्हणजे आपोआप, तोडलं म्हणजे कुणीतरी. टीसीपीच्या (दोन मशीनमधली जोडणी सांभाळणाऱ्या नियमसंचाच्या) बाबतीत शोधाची सुरुवात नेमकी याच फरकापासून होते. फोनवर बोलताना समोरच्याने फोन ठेवला तर लगेच कळतं. रेंज गेली तर आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. इथेही तसंच आहे. एका बाजूने जोडणी रीतसर बंद केली तर ‘फिन’ खूण असलेलं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा छोटा गठ्ठा) येतं, तडकाफडकी तोडली तर ‘आरएसटी’, म्हणजे ‘रिसेट’, येतं. दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूला लगेच समजतं. पण मधली केबल निघाली, समोरच्या मशीनची वीज गेली किंवा वाटेतल्या फायरवॉलने (ये-जा गाळणाऱ्या संरक्षक यंत्रणेने) गुपचूप पॅकेटं गिळायला सुरुवात केली, तर काहीच येत नाही. पाठवलेल्या डेटाची पोच मिळत नाही, म्हणून तोच डेटा पुन्हा पुन्हा जात राहतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये हार मानायला साधारण १५ मिनिटं लागतात. तोवर वापरणाऱ्याला दिसतं ते फक्त अडकलेलं पान.

म्हणून फिन किंवा आरएसटी आलं असेल तर ‘तोडली’ लिहा आणि कुणी तोडली तेही लिहा. काहीच आलं नसेल तर ‘तुटली’. पुस्तिका वाचणाऱ्याला पुढे कुठे बघायचं ते या क्रियापदावरूनच कळेल: तोडली असेल तर प्रोग्रामचे लॉग (त्याने लिहून ठेवलेल्या नोंदी), तुटली असेल तर मधली नेटवर्कची वाट.

प्रश्नकर्ता

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, आभार. मग लॉगमधल्या संदेशांचं काय करू? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, ‘कनेक्शन रिसेट बाय पीअर’ असे तीन वारंवार येतात. दुसऱ्यासाठी आधीच्या मसुद्यात ‘कनेक्शन कालबाह्य झाले’ असं आहे.

प्रतिसाद

‘कालबाह्य’ आधी काढा. कालबाह्य म्हणजे ज्याचा काळ सरला ते, जुनाट झालेलं. कायदे, समजुती, यंत्रं कालबाह्य होतात. इथे उत्तराची वाट बघण्याची मुदत संपली आहे. ‘उत्तर न आल्यामुळे मुदत संपली’ असं सरळ लिहावं. टाइमआउट हा शब्द नाम म्हणून राहिला तरी हरकत नाही, तो सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद (आधीचाच, तपासणीचं काम करणारा)

‘मुदत संपली’ला माझं अनुमोदन. उरलेल्या दोन संदेशांबद्दल थोडं लिहितो.

‘रिफ्यूज्ड’साठी ‘नाकारली’ बरोबर आहे. पण त्याखाली ‘सर्व्हर बंद आहे’ असं स्पष्टीकरण देऊ नका, जे बऱ्याच पुस्तिकांत असतं. नकार आला याचा अर्थ बहुतेक वेळा मशीन चालू आहे आणि पोहोचण्याजोगं आहे, फक्त त्या पोर्टवर (सेवेसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत नाही. सेवा सुरू झालेली नाही, किंवा पोर्टचा क्रमांक चुकला आहे. क्वचित फायरवॉलही असा नकार पाठवते. याउलट मशीनच बंद असेल तर नकार देणार कोण? तिथे मुदत संपते, किंवा तिथवर वाटच नसल्याचा निरोप येतो. फायरवॉलच्या भाषेत ‘रिजेक्ट’ आणि ‘ड्रॉप’ यांत हाच भेद आहे: एकात नकार कळवायचा, दुसऱ्यात पॅकेट न बोलता टाकून द्यायचं. तुमच्या मूळ मजकुरातला ‘ड्रॉप’ म्हणूनच घोळ घालतो. पॅकेट ड्रॉप होणं वेगळं आणि कनेक्शन जाणं वेगळं. थोडी पॅकेटं गळाली तरी टीसीपी ती पुन्हा पाठवतो आणि जोडणी टिकते.

‘रिसेट बाय पीअर’मधल्या पीअरला ‘समवयस्क’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. इथे तो ‘पलीकडची बाजू’ एवढाच. मात्र ‘पलीकडच्या बाजूने जोडणी तोडली’ हे विधानही पूर्ण खरं धरू नका, कारण मधलं उपकरणसुद्धा पलीकडच्याच्या पत्त्याने आरएसटी पाठवू शकतं. ॲमेझॉनच्या क्लाउडमधला नॅट गेटवे (आतल्या मशीनना बाहेर जोडून देणारा मधला दुवा) ३५० सेकंद शांत राहिलेल्या जोडणीची नोंद काढून टाकतो आणि त्यानंतर आतून पॅकेट गेलं की आरएसटी परत करतो. सर्व्हरला याची गंधवार्ता नसते. खात्री करायची तर दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप या साधनाने पॅकेटं टिपावीत. क्लायंटकडे आरएसटी आलेलं दिसतं पण सर्व्हरकडून गेलेलं दिसत नाही, म्हणजे तोडणारा मधला आहे. एकाच टोकाची नोंद बघून दोष ठरवू नये.

प्रतिसाद

ती शांत जोडणी दोन्ही टोकांना अजून चालूच वाटत असते ना? त्या अवस्थेला मराठीत काय म्हणायचं? ‘निष्क्रिय’ पुरत नाही. निष्क्रिय जोडणी धडधाकट असू शकते.

प्रतिसाद (तपासणीचं काम करणारा)

मी ‘अधांतरी’ म्हणतो. एका बाजूच्या लेखी जोडणी आहे, दुसरीच्या किंवा मधल्या उपकरणाच्या लेखी नाही. १९८१च्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजातही या अवस्थेला वेगळं नाव दिलेलं आहे. ‘सकाळी पहिलंच काम फसतं, दुसऱ्यांदा चालतं’ ही तक्रार बहुधा अधांतरी जोडणीची असते. रात्रभर कुणी वापरलं नाही, मधली नोंद पुसली गेली, आणि सकाळी क्लायंटने तीच जुनी जोडणी वापरली.

यावर ‘कीपअलाइव्ह’ असतं, म्हणजे जोडणी शांत असताना अधूनमधून पाठवलेली चाचपणीची पॅकेटं. ‘कीपअलाइव्ह चालू करा’ एवढंच मात्र पुस्तिकेत लिहू नका. लिनक्सवर ते चालू केलं तरी पहिली चाचपणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. त्यानंतर दर ७५ सेकंदांनी, आणि अशा ९ चाचपण्या वाया गेल्यावर जोडणी मेली असं धरलं जातं. मधलं उपकरण ३५० सेकंदांत विसरत असेल तर दोन तासांच्या चाचपणीचा उपयोग शून्य. वाटेतली सर्वांत छोटी मुदत शोधायची आणि कीपअलाइव्ह तिच्याहून कमी ठेवायचं, हे आकड्यासकट लिहा.

प्रतिसाद

‘तोडली’च्या बाजूने मायएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण देतो. त्याचा २००६ क्रमांकाचा जुना संदेश सर्व्हर ‘निघून गेला’ असं सांगतो. वाचणाऱ्याला वाटतं सर्व्हर कोसळला. प्रत्यक्षात अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो. त्याने शांत पडलेली जोडणी स्वतःच बंद केलेली असते. त्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते. ८.०.२४ या आवृत्तीपासून संदेश बदलला: काही हालचाल न झाल्यामुळे सर्व्हरने क्लायंटला तोडलं, असं कारणासकट येतं. कर्ता आणि कारण दोन्ही आले, त्यामुळे सर्व्हर उगाच रीस्टार्ट करण्याची पाळी येत नाही.

प्रश्नकर्ता

मग संदेश असे करतो आहे, पाहून सांगा.

जोडणी नाकारली: सर्व्हरच्या या पोर्टवर कुणी ऐकत नाही.
मुदत संपली: ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही.
जोडणी पलीकडून तोडली गेली.
जोडणी तुटली: पलीकडून काहीच येत नाही.

प्रकरणाच्या मथळ्यात ‘खंडित’ ठेवतो, कारण तिथे कारण अजून ठरलेलं नसतं.

प्रतिसाद (तपासणीचं काम करणारा)

मथळ्यात ‘खंडित’ योग्यच. पहिल्या ओळीत ‘बहुधा’ घाला, फायरवॉलचा नकारही तसाच दिसतो. दुसरी आणि चौथी ओळ वाचणाऱ्याला सारखी वाटेल. दुसरीत ‘जोडणी जुळलीच नाही’ आणि चौथीत ‘जुळलेली जोडणी’ असं स्पष्ट करा. जुळण्याआधीची मुदत आणि जुळल्यानंतरची शांतता यांची कारणं अगदी वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. आणि तिसरीत ‘पलीकडून’च्या जागी ‘पलीकडून किंवा वाटेतून’ लिहा.