साखरेचा एलसीए: भारतीय निबंधांतले आकडे जुळत का नाहीत?

प्रबंधवाली: एम.टेक.साठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या साखरेचं जीवनचक्र मूल्यांकन (एलसीए, म्हणजे शेतापासून साखरेपर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजणं) करतेय, ओपनएलसीए या सॉफ्टवेअरमध्ये. सगळे निबंध आयएसओ १४०४४ हे एलसीएचं मानक पाळल्याचं सांगतात, पण टनामागचा कार्बन प्रत्येकात वेगळा! शेतीसाठी डेटाबेसमधली 'उर्वरित जग' (स्वतंत्र नोंद नसलेल्या देशांसाठीची सरासरी) ही नोंद चालेल का?

गाळप_हंगाम: आधी भाराची वाटणी (एकूण भार साखर आणि उपपदार्थांत कसा विभागला ते) तपासा, निम्मा घोळ तिथेच असतो. १०० टन उसातून ढोबळमानाने १०.५ टन साखर, २८ टन बगॅस (उसाचा चोथा), ४.५ टन मळी, ४ टन प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ). वजनावर वाटलंत तर ६० टक्के भार बगॅसच्या माथी आणि साखरेला जेमतेम २२. त्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं! किमतीवर वाटलं की चित्र उलटतं. स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळलेला बगॅस वाटणीत धरूच नका. विकलेला बगॅस आणि ग्रीडला दिलेली वीज तेवढी धरा. दर तीन हंगामांच्या सरासरीचे घ्या. बी-हेवी मळी (सगळी साखर न काढताच वेगळी केलेली) इथेनॉलला जात असेल तर साखर उतारा कमी दिसणारच, तो तसाच वापरू नका.

पाटपाणी: 'उर्वरित जग' खतनिर्मितीला एकवेळ चालेल, सिंचनाला अजिबात नाही. वीज स्वतः काढा: घनमीटर पाणी × हेड (पाणी उचलायची उंची, मीटर) ÷ ३६७ ÷ पंपाची कार्यक्षमता. हेक्टरी २०,००० घनमीटर, ३० मीटर हेड, ४० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ४,१०० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा उत्सर्जन गुणांक युनिटला ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास ३ टन कार्बन. हा गुणांक वीजकेंद्राच्या दारातला, पारेषण-वितरणाची गळती वर मिळवायची. बरेच जण विसरतात. तुलनेला हेक्टरी २५० किलो नत्र घ्या: १ टक्का गुणांकाने (नत्राचा तेवढा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो) ३.९ किलो नायट्रस ऑक्साइड, गुणिले २७३ (कार्बन डायऑक्साइडच्या इतकी पट तापवण्याची क्षमता), म्हणजे १.१ टनाहूनही थोडं कमी. कालव्याचं पाणी उताराने येत असेल तर विजेचा आकडा शून्याजवळ, उपसा योजनेवर कितीतरी जास्त. एकाच तालुक्यात दोन्ही सापडतात, मग निबंध जुळणार कसे?

प्रबंधवाली: शेतीपंपांना मीटर नाहीत. मंजूर एचपी × तास करू?

पाटपाणी: नको. मंजूर ५ एचपी आणि विहिरीवर ७.५ची मोटर, हे सर्रास चालतं. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेज मोजा. तास शेतकऱ्याला विचारा, पण फीडरच्या (शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीच्या) वेळापत्रकाशी ताडून पाहा. लागण आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेलं पीक) वेगळे नोंदवा. खोडव्याला बेणं आणि नांगरट नसते. पाचट जाळत असतील तर त्यातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरा, कार्बन डायऑक्साइड नाही, तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो.