पोस्टरवर रॅपरचं नाव, बीटवाल्याचं का नाही?

गोदाकाठ (नांदेड):
मागच्या महिन्यात संभाजीनगरला रॅपचा कार्यक्रम झाला. पोस्टरवर सहा जणांची नावं, फोटोसकट. त्यातल्या चौघांच्या गाण्यांचे बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारं संगीत, एकाच माणसानं केलेत आणि तो माणूस तिकीट काढून सगळ्यात मागं उभा होता. मी त्याच्या शेजारीच होतो. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

2014 पासून दादा नांदेडात बीट करायलाय. जुना कॉम्प्युटर, त्यात बीट बनवायचं एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आणि दहा बाय दहाची खोली. माझं पहिलं गाणं तिथंच रेकॉर्ड झालं. मे महिना होता. दारावर गोधडी, खिडकीवर गोधडी, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. माइकपुढं वहिनींच्या भरतकामाची रिंग, तिच्यावर पातळ मोजा ताणलेला. बारा ओळींना मी सव्वीस टेक घेतले. दर टेकनंतर दादा मिनिटभर पंखा लावायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, “शेवटचा शब्द गिळायलास. मोकळा सोड त्याला.” पैशाचं विचारलं तर म्हणाला, नोकरी लागल्यावर बघू.

मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं 2015 चं ‘मेरे गली में’ आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्याचा बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा, हे किती जणांना माहीत आहे?

माझं म्हणणं एवढंच. रॅपमधली जुनी माणसं म्हणून आपण फक्त रॅपरांचा सत्कार करतो. बीटवाल्याचं नाव पोस्टरवर त्याच आकारात पाहिजे आणि गाण्याच्या कमाईत निम्मा वाटा पाहिजे.

जायकवाडी (पैठण):
भाऊ, दादांबद्दल आदर आहे, पण निम्मा वाटा पटत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राजकीय रॅपवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. तेव्हा बातमीत नाव कुणाचं होतं? गाणाऱ्याचं. तोंड ज्याचं, जोखीम त्याची. घरचे रागावतात ते रॅपरवर, गावातला पुढारी फोन करतो तो रॅपरला. मी स्वतः दोन वर्षं घरात न सांगता लिहिलं आहे. बीट खोलीत बसून होतो, स्टेजवर एकट्यानं उभं राहावं लागतं. नाव लावा, माझी हरकत नाही. पण बरोबरी म्हणू नका.

हलगी (लातूर):
माझे वडील जलशात हलगी वाजवायचे. सुपारी शाहिराच्या नावानं यायची, बिदागी शाहिराच्या हातात पडायची, त्यातून तो देईल ते वडिलांना. कुणाचा वाईट हेतू नव्हता, रीतच तशी होती. एका जयंतीला वडिलांना ताप होता म्हणून दुसरा वादक घेतला. तिसऱ्या कडव्याला ठेका सुटला आणि एवढा मोठा शाहीर, शब्द सगळे तोंडपाठ असून, गप्प उभा राहिला. मी आठ वर्षांची होते, पुढं सतरंजीवर बसले होते. ते अजून डोळ्यापुढं आहे.

आणि हिप-हॉपचं म्हणाल तर तिथं ठेकेवालाच आधी आला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 11 ऑगस्ट 1973 ला डीजे कूल हर्कनं पार्टीत रेकॉर्ड लावल्या. लोक ज्या तुकड्यावर जास्त नाचतात, गाण्यातला तो नुसत्या तालाचा तुकडा तो दोन रेकॉर्डवर लांबवत न्यायचा. त्या तालावर बोलणारे नंतर पुढं आले. जायकवाडी भाऊ, जोखमीचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून खोलीत बसणाऱ्याची मेहनत कमी कशी होते?

परभणी_19:
मी या सगळ्यांपेक्षा लहान आहे, तरी बोलतो. जुन्या लोकांनी आम्हाला काय दिलं? दादांनी माझ्याकडं बीटला पाच हजार मागितले. यूट्यूबवर तसाच बीट दीड हजारात भाड्यानं मिळाला, मी घेतला. तर ग्रुपवर मला ‘भाड्याचा रॅपर’ म्हणाले. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात, पाच हजार कुठून आणू?

दुसरं, जुन्यांची गाणी ऐका. सगळी मुंबईच्या हिंदीत. परभणीत कोण तसं बोलतं? अमरावतीच्या 100 आरबीएच या रॅपरनं वऱ्हाडी बोलीत रॅप करून दाखवला, आपल्यातल्या कुणी आपली बोली का घेतली नाही? ‘करतोय’ म्हटलं की तोंड मिटतं. ‘करायलो’ म्हणून बघा, तो शेवटचा ‘लो’ दोन ठोके ताणता येतो. ‘करायलो, मरायलो, भरायलो’, यमक आपोआप जुळतं. ही आमची बोली आहे आणि हे आम्ही नव्या पोरांनी शोधलं.

शहागंज (संभाजीनगर):
बाळा, मी त्या जुन्यांपैकी एक. 2015 ला आम्ही मुंबईचं ऐकून लिहीत होतो, कबूल. तुझा ‘लो’चा मुद्दा मला दहा वर्षांत सुचला नाही आणि तो फार मोठा आहे. ग्रुपवर तुला जे बोलले ते चूक होतं.

पण सगळी हिंदी मुंबईची नाही. माझ्या गल्लीत दखनी बोलतात. जुना दखनी शायर वली औरंगाबादी याच शहराचा. मी ‘नक्को’, ‘हौ’ म्हणून लिहितो तेव्हा घरातलंच बोलत असतो, नक्कल करत नाही.

आणि भाड्याच्या बीटचं नीट समजून घे. तो बीट तुझ्यासारखा अजून कितीही जणांना विकला जातो. त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या नक्कल ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलं, की यूट्यूब तुझ्याच गाण्यावर क्लेम लावतं, म्हणजे ते त्याच्या मालकीचं धरतं. माझं एक गाणं असंच गेलं. चार महिने भांडलो, शेवटी काढून टाकलं. दादांच्या पाच हजारांत ही भीती नसते.

परभणी_19:
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला पाहिजे होतं.

बार्शी_नाका (बीड):
पैशाच्या वादात एक गोष्ट राहून गेली. बीटची चाल ज्यानं बांधली तो कायद्यानं संगीतकार. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार दोघांनाही रॉयल्टीचा हक्क आहे आणि कंपनीनं सही घेतली तरी तो हक्क जात नाही. दादांना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांगा आणि प्रत्येक गाण्याला नाव नोंदवा. रॅपरनं किती द्यायचं हे भांडण त्यानंतर करा.

जायकवाडी (पैठण):
ही गोष्ट पटली. नाव नोंदवायचं, पोस्टरवरही लावायचं, त्याच आकारात. पण कार्यक्रमाच्या मानधनात निम्मं मी तरी देणार नाही. घसा माझा फाटतो.

गोदाकाठ (नांदेड):
मानधनाचं सोडतो, गाण्याच्या कमाईचं सोडत नाही. जायकवाडी, पुढच्या रविवारी नांदेडला ये. त्या खोलीत पंखा बंद करून दोन तास बस, मग बोलू.

परभणी_19:
हलगी ताई, तुमच्या वडिलांच्या ठेक्याचं रेकॉर्डिंग आहे का? मला त्याच्यावर लिहायचंय. त्यांचं नाव माझ्या नावाच्या आधी लावीन.

हलगी (लातूर):
रेकॉर्डिंग नाही रे. वडील आता वाजवत नाहीत, हात थरथरतो. भाऊ वाजवतो, ठेका तोच. संध्याकाळी ये. हलगी आधी जाळावर तापवावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेव. वडील जवळ बसतील, भाऊ चुकला तर ते सांगतील.