तपकिरी चरबी चेतवून लठ्ठपणावर उपचार : आपल्या लोकांसाठी हा मार्ग सोडून देऊ नये

जीवशास्त्र_कोथरूड

डिसेंबरात भाची बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली. बाळ २ किलो ६०० ग्रॅमचं. पहाटे घरात आमचीच बोटं गारठत होती. वहिनी घाबरून म्हणाली, "अगं, याचे तळहात गार लागतायत, मग हे कुडकुडत कसं नाही?" मी तिला दुपट्यात हात घालून त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे ठेवायला सांगितलं. तिथे छान ऊब होती. तान्ह्या बाळाला कुडकुडून अंग तापवता येत नाही, त्याची शेगडी तिथे असते. तीच ही तपकिरी चरबी.

पांढरी चरबी साठवते, तपकिरी जाळते. तिच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांच्यातल्या लोहामुळे हा रंग येतो. यूसीपी-१ नावाचं प्रथिन तिथे इंधनातून कामाची ऊर्जा बनू देत नाही, सगळी उष्णताच होते. स्कूटर स्टँडवर लावून रेस करावी तसं : पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, गाडी जागची हलत नाही.

मोठेपणी ही चरबी उरतच नाही, असं आम्ही कॉलेजात शिकलो. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन शोधनिबंध एकदम आले आणि ते मोडीत निघालं. कॉलरबोनच्या वर, मणक्याच्या कडेने ती मोठ्यांतही असते. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्तला १६ अंशांत बसवलेल्या २४ तरुणांपैकी २३ जणांच्या स्कॅनमध्ये ती पेटलेली दिसली. त्यांतल्या जाड तरुणांत कमी.

आता आपलं. आपल्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं मोजली. सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. बाळ बारीक, पण कमतरता सगळी स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. दादाला ३८व्या वर्षी डायबेटिस निघाला तेव्हा तो ६६ किलोचा होता. हातपाय काडीसारखे, शर्टाची बटणं फक्त पोटावर ताणलेली. २०१४ साली नेदरलँड्समध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत तपकिरी चरबी गोऱ्या तरुणांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी दिसली. आपली शेगडीच लहान असेल, तर ती मोठी करण्याच्या औषधावर सगळ्यात आधी आपण जोर लावायला हवा. हे माझं ठाम मत आहे.

जीपी_हडपसर

ताई, शिकवता छान, पण निष्कर्ष पटला नाही. मी रोज लठ्ठपणाचे पेशंट बघतो, म्हणून आकड्यांत बोलतो.

लघवीवर ताबा राहत नाही त्यांना आपण मिराबेग्रॉन देतो. तेच औषध तपकिरी चरबीही चेतवतं. नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅमपर्यंत. २०१५ साली १२ तरुणांना एकदाच २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. शरीराचा विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरींनी वाढला. म्हणजे दोन पोळ्या. सोबत नाडी आणि रक्तदाबही वाढला. पुढे १४ स्त्रियांना १०० मिलिग्रॅम चार आठवडे दिलं. तपकिरी चरबी वाढली, वजन होतं तिथेच राहिलं. त्यातही त्या २०० कॅलरी एकट्या तपकिरी चरबीने जाळल्या असं नाही, औषध हृदयालाही पळवतं. ऑक्सिजनचा वापर थेट मोजला तेव्हा थंडीतसुद्धा या चरबीचा दिवसाचा हिशेब १५ ते २५ किलोकॅलरी निघाला. एक मारी बिस्किट.

जपानमध्ये लोकांना १७ अंशांत रोज दोन तास, सहा आठवडे बसवलं. किलोभरही चरबी उतरली नाही. एप्रिलच्या पुण्यात कोणता पेशंट रोज दोन तास १७ अंशांत बसणार? आणि उलटी गोष्ट बघा, ज्यांना गरज जास्त त्या जाड आणि वयस्कर माणसांतच ही चरबी सगळ्यात कमी. तिकडे सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरतं. पेशंटला मी काय सांगू, शेगडीची वाट बघा?

पाषाण_पहाट

डॉक्टरांशी सहमत, आणि माझं कारण घरचं आहे. सासरे ६१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. जिममध्ये कोणीतरी सांगितलं की बर्फाच्या टबात बसलं की ब्राउन फॅट पेटतं आणि पोट उतरतं. बीपी आहे का, हे कोणी विचारलं नाही. अण्णा टबात उतरले आणि धाप अशी लागली की शब्द फुटेना. बाहेर काढलं तेव्हा ओठ निळसर, टॉवेल धरता येत नव्हता. ईसीजी नीट निघाला, पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ताई, तुम्ही सरळ मनाने लिहिता, पण हेच वाचून लोक बर्फाच्या गोण्या आणतात.

फार्मसी_खडकी

एक इतिहास सांगतो, आमच्या भागात दारूगोळा कारखाना असल्यामुळे तो मला कायम आठवतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळा कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणारे कामगार वाळत गेले, घामाने निथळत मेले. १९३३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तेच वजन उतरवायला वापरलं. ताईंची स्टँडवरची स्कूटर हीच, फक्त इथे रेस शरीरातल्या प्रत्येक पेशीत आणि ब्रेक कुठेच नाही. वजन खरोखर उतरत होतं. पण मोतीबिंदू झाले, ताप चढून माणसं गेली. १९३८ साली अमेरिकेत ते बंद झालं. आजही ते चोरून विकलं जातं आणि त्यावर उतारा नाही. 'चरबी जाळणारी' पावडर मागायला पोरं काउंटरवर येतात, तेव्हा मी हे सांगितल्याशिवाय सोडत नाही.

जीवशास्त्र_कोथरूड

@पाषाण_पहाट, अण्णांचं वाचून पोटात गोळा आला. बर्फाच्या टबाची शिफारस मी करत नाही, हे मूळ लेखातच ठळक लिहायला हवं होतं. चूक माझी. प्रयोगांत लोक १४ ते १७ अंशांच्या हवेत बसले होते, बर्फात नाही.

@फार्मसी_खडकी, तुमचा मुद्दा मला माझ्याच बाजूचा वाटतो. डायनायट्रोफेनॉल सगळीकडे आग लावतं. यूसीपी-१ फक्त तपकिरी आणि तिच्या जातीच्या पेशींत असतं आणि ते शरीराच्या हुकमानेच उघडतं. म्हणून तर त्याच्या मागे लागायचं.

डॉक्टरसाहेब, किलोंचा हिशेब मी मान्य करते. पण दादाचा प्रश्न किलोंचा कधी नव्हताच. ज्या १४ स्त्रियांचं वजन हललं नाही, त्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. हे तुम्ही लिहिलं नाहीत. न्यूयॉर्कच्या कॅन्सर रुग्णालयात ५२ हजारांवर लोकांचे स्कॅन तपासले, २०२१ साली. तपकिरी चरबी दिसलेल्यांत टाइप-२ डायबेटिस ४.६ टक्के, न दिसलेल्यांत ९.५. ६६ किलोच्या माणसाला १५ टक्के वजन उतरवून काय मिळणार? त्याला साखर जाळणारं काहीतरी हवंय.

जीपी_हडपसर

त्या स्त्रियांचं राहून गेलं, बरोबर पकडलंत. पण न्यूयॉर्कचे आकडे म्हणजे नुसतं सोबत दिसणं. निरोगी माणसात तपकिरी चरबी टिकते, की ती टिकल्यामुळे माणूस निरोगी राहतो, हे त्यातून ठरत नाही. आणि थंडीचा एक प्रयोग खुद्द डायबेटिसवर झालाय, नेदरलँड्समध्येच. आठ पुरुष, दहा दिवस, १४-१५ अंश. इन्सुलिनला मिळणारी दाद ४३ टक्क्यांनी वाढली. ताई खूश होतील, पण पुढचं वाचा : तपकिरी चरबी जेमतेम वाढली होती. जास्तीची साखर ओढली ती मुख्यतः स्नायूंनी. म्हणजे जे तुमच्या दादांकडे जन्मापासून कमी आहे तेच. त्याला मात्र औषधाची वाट बघावी लागत नाही. वजनं उचला, टेकडी चढा.

जीवशास्त्र_कोथरूड

स्नायूंचं मला नवीन होतं. दादाला टेकडीवर न्यायला लागते. पण म्हणून संशोधन थांबवा, हे मी मानणार नाही. चार आठवडे आणि १४ बायका, एवढ्यावर कोणत्याही औषधाचा निकाल लावत नाहीत. आणि तो प्रयोग आपल्या लोकांवर, पुण्यात व्हायला हवा.

जीपी_हडपसर

पुण्यात व्हावा, यावर माझी सही घ्या. दादांची कंबर किती?

जीवशास्त्र_कोथरूड

आताच मोजली, वहिनीच्या शिलाईच्या डब्यातल्या टेपने. ९७ सेंटीमीटर.

जीपी_हडपसर

आपल्या पुरुषांना ९०च्या आत हवी. तीन महिन्यांची साखर आणि कंबर, दोन्ही एका वहीत लिहायला लागा. मार्चमध्ये परत बोलू.