हायब्रिड गटिंग: टेनिसच्या रॅकेटला तारा ओढताना उभी एका जातीची, आडवी दुसऱ्या जातीची. क्लबात खेळणाऱ्याला याची खरंच गरज आहे का?

दुसरी_सर्व्हिस (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या क्लबात सध्या जो तो गटिंगवाल्याला 'हायब्रिड टाका' म्हणून सांगायलाय. कोणतं हायब्रिड, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'फेडररचं.' म्हणजे उभ्या तारा नॅचरल गट (मऊ, महागडी) आणि आडव्या पॉलिएस्टर, म्हणजे ताठ पॉली. फेडरर विल्सनची गट आणि लक्सिलॉनची अल्यू पॉवर रफ ही पॉली वापरायचा. जोकोविचचीही मांडणी तशीच, उभी गट आणि आडवी पॉली. त्यांचं काही चुकत नाही. सामन्यात नवे चेंडू आले की फेडरर रॅकेटही नवी घ्यायचा. आपण दिवाळीत केलेली गटिंग अक्षय तृतीयेपर्यंत ओढतो आणि ती तुटली की तारेला शिव्या देतो.

माझं म्हणणं असं की आठवड्यात तीन-चार दिवस खेळणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या माणसानं हायब्रिड जरूर करावं, पण उलटं. उभी पातळ पॉली, 1.25 मिमीच्या आसपास, आणि आडवी साधी सिंथेटिक गट, म्हणजे नायलॉनची तार. चेंडू लागला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटक्यात जागेवर येतात. टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूच्या पुढच्या फिरकीचा, मोठा भाग त्या परतण्यातून येतो. दोन्हीकडे सिंथेटिक असेल तर तार सरकते आणि तिथंच अडकून बसते, मग दोन पॉइंटांच्या मधे बोटांनी तारांची जाळी सरळ करत बसा. दोन्हीकडे पॉली असेल तर स्पिन झकास, पण प्रत्येक उशिरा लागलेल्या बॅकहँडचा दणका थेट कोपरात. उभी पॉली, आडवी सिंथेटिक केली की स्पिन बऱ्यापैकी राहतो, जाळी मऊ होते आणि खिशालाही परवडतं.

आणखी एक. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रॅकेटमध्ये फुल पॉली टाकणं बंद करा. नादाल 1.35 मिमीची आरपीएम ब्लास्ट ही पॉली वापरायचा हे खरं, पण नादालचा दंड बघा आणि तुमच्या पोराचा बघा.

लातूरी_लॉब

दादा, सगळं पटलं, निष्कर्ष सोडून.

पॉली तुटत नाही, मरते. पंधरा-वीस तास खेळलं की तिचा ताण उतरतो आणि झटक्यानं परत येणंही मंदावतं. आडवी सिंथेटिक तेव्हा अजून बरी असते. पण नुसती उभी काढून नवी टाकता येत नाही, कापायची तर पूर्ण जाळी कापावी लागते. मग एक तर अर्धी चांगली तार फेकून द्या, नाही तर मेलेल्या पॉलीवर महिनोन्महिने खेळा. आपली माणसं दुसरंच करणार, हे तुम्हीच वर दिवाळी-अक्षय तृतीयेत सांगितलंय. आणि मेलेली पॉली कोपराला सगळ्यात वाईट. म्हणजे ज्याला वाचवायला निघालात त्यालाच मारायलात.

साधी सिंथेटिक गट टाका, दोन्हीकडे एकच, 1.30 मिमी, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी न चुकता बदला. क्लबातल्या डबल्समध्ये स्पिन कमी पडला म्हणून हरलेला माणूस मी अजून पाहिला नाही. सगळे दुसऱ्या सर्व्हिसवर हरतात. (नावावरून टोमणा समजू नये.)

पॉली_पैलवान (जालना)

काकालोकांनो, हे 'डबल्स, कोपर, खिसा' बस करा. टेनिस 1997 ला बदललं. ब्राझीलच्या क्युर्तेननं लक्सिलॉनच्या पॉलीवर फ्रेंच ओपन मारली तेव्हा त्याचं रँकिंग 66 होतं. त्यानंतर सगळ्यांच्याच बॅगेत पॉली आली, मग आपण काहून मागं राहायचं? मी पूर्ण रेटून मारतो. फुल पॉली 48 पाउंडाच्या ताणावर टाकली की चेंडू बेसलाइनच्या आत पडतो. सिंथेटिकवर तोच फटका कोर्टामागच्या कुंपणाला जाऊन लागतो. हायब्रिड म्हणजे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

लातूरी_लॉब

पैलवान, क्युर्तेनला रॅकेट गटिंग करून देणारा माणूस सोबत होता. तुमची पॉली कधीची आहे?

पॉली_पैलवान (जालना)

पाडव्याची. पण तुटलेली नाही ना.

आडवी_तार (नांदेड)

मी गटिंगचं काम करतो, म्हणून मशीनच्या बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट. 'दुसरी_सर्व्हिस' सरांची उभी पॉली, आडवी सिंथेटिक ही माझ्याकडे सगळ्यात जास्त होणारी जोडी, पण तिचा स्पिन फार दिवस टिकत नाही. पॉली ताठ, नायलॉन मऊ. पॉली सरकून सरकून नायलॉनमध्ये खाचा पाडते आणि मग त्याच खाचेत अडकून बसते. सुरुवातीला फरक कळतो, नंतर तुम्ही जवळपास फुल सिंथेटिकच्याच जागी येता, फक्त जाळी ताठ. फेडररच्या मांडणीत ही गोष्ट उलटी आहे. सरकणारी उभी तार मऊ आणि लवचिक, आडवी गुळगुळीत आणि टणक. टणक तारेत खाच लवकर पडत नाही, म्हणून गट तिच्यावरून शेवटपर्यंत घसरत राहते. तिथं बिचारी गटच झिजते, तिचे धागे सुटतात आणि ती तुटते. पण तुटेपर्यंत चांगली खेळते.

दुसरी गोष्ट टेन्शनची, म्हणजे तार किती ओढायची त्याची. गिऱ्हाईक म्हणतं 'दोन्ही 55'. दोन जातींच्या तारांना सारखा आकडा दिला की त्या सारख्या वागत नाहीत. मी पॉली दोनेक पाउंड खाली ठेवतो. पॉली उभी असेल तर 50 आणि आडवी सिंथेटिक 52, गट उभी असेल तर 54 आणि आडवी पॉली 52. चार-पाच पाउंडांपेक्षा जास्त फरक ठेवत नाही, फ्रेमचा आकार बिघडतो. हायब्रिडला दोनाऐवजी चार गाठी येतात, आणि प्रत्येक गाठीजवळची तार थोडी सैल पडते. गाठ नीट मारणारा हात असेल तर चिंता नाही. बॅडमिंटनच्या सवयीनं मारलेली गाठ मात्र टेनिसच्या ताणाला सुटू शकते.

तिसरं, नॅचरल गट टाकून घेणार असाल तर गटिंगवाल्याला घाई करू नका. उभ्या गटमधून आडवी पॉली सर्रकन ओढली की घर्षणानं गट जळते. रॅकेट घरी जाते तेव्हा काही दिसत नाही, आठवड्यात तुटते, आणि मग दोष कंपनीचा.

परभणी_बॅकहँड

तुम्ही लोक गट आणि पॉलीवर भांडायलात, आमच्याकडे मशीनचाच पत्ता नाही. रॅकेट ट्रॅव्हल्सनं संभाजीनगरला पाठवायची, ती परत यायला आठवडा. एकदा पाठवलेली एका दुकानातून परत आली तर उभी-आडवीची अदलाबदल झालेली. सांगितलं होतं एक, टाकलं दुसरंच. अशा परिस्थितीत जी सगळ्यात जास्त दिवस टिकेल तीच तार चांगली. माझं मत फुल सिंथेटिकला, आणि एक जादा रॅकेट.

जुना_लाकडी (छत्रपती संभाजीनगर)

मी लाकडी रॅकेटपासून खेळत आलोय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळे किमतीवर अडलेत म्हणून हिशेब मांडतो. नॅचरल गटचा एक सेट घेतला तर त्या पैशात साध्या सिंथेटिकचे सात-आठ सेट येतात, हे खरं. पण सेट साधारण 12 मीटरचा असतो आणि हायब्रिडला त्यातली निम्मी लागते. म्हणजे एका सेटमध्ये दोन गटिंगा. मी जोराचा टॉपस्पिन मारणारा नाही, सपाट मारतो, त्यामुळे माझी गट लवकर तुटत नाही. आणि गटचा सगळ्यात मोठा गुण कोणी काढलाच नाही: ती ताण धरून ठेवते. वर लातूरच्या साहेबांनी पॉली मरते म्हणून सांगितलं, ते बरोबर. पण पॉली आडवी असेल तर ती मेल्याचा त्रास कमी, कारण खेळाचा बहुतेक भार उभ्या तारेवर असतो. सॅम्प्रास तर फुल गटवर खेळायचा, तीही सणसणीत घट्ट ओढलेली.

लोक म्हणतात गटला दमट हवा सोसत नाही. नाहीच सोसत, ओल लागली की फुगते आणि धागे सुटतात. पण आपण मुंबईत राहतो का? पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर इथली हवा कोरडी ठणठणीत. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेचा कोणाला फायदा झाला असेल तर तो गटला.

दुसरी_सर्व्हिस (छत्रपती संभाजीनगर)

काका, हवा कोरडी आहे, पण त्याबरोबर धूळ येते तिचं काय? मातीच्या कोर्टावर एप्रिल-मे मध्ये वारा सुटला की बारीक कण चेंडूला चिकटतात, तिथून तारांच्या मधे जातात. गट त्या कणांवर घासली जाते. तुम्ही सिमेंटच्या कोर्टावर सपाट मारता म्हणून टिकते. आमच्यासारख्या टॉपस्पिनवाल्यांची गट मातीवर किती टिकणार?

'आडवी_तार' यांचा खाचेचा मुद्दा मान्य आहे. पण मग आडवी सिंथेटिक 1.30 घ्यायची, पातळ नको. आणि स्पिन गेला तरी कोपर तर वाचतंच की.

लातूरी_लॉब

कोपर वाचतं हे धरून चालायलात. वाचतं ते फुल पॉलीशी तुलना केली तर. फुल सिंथेटिकशी केली तर नाही.

माळकरी_फोरहँड (पैठण)

मधेच बोलतो. नॅचरल गट गायीच्या आतड्यापासून बनते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या घरी सगळे माळकरी, त्यामुळे तो पर्याय मुळातच बाद. आम्हाला उभी मल्टिफिलामेंट, आडवी पॉली चालेल का? मल्टी म्हणजे शेकडो बारीक धागे एकत्र वळलेली तार, ती मऊ असते असं ऐकलंय.

आडवी_तार (नांदेड)

चालेल, पण जपून. मल्टी मऊ आहे, कोपराला चांगली, पण गटसारखी ताण धरत नाही. आणि आडवी पॉली खडबडीत किंवा कोनदार घेऊ नका, मल्टीचे धागे कापून टाकते. गोल, गुळगुळीत घ्या.

बीडचा_बाप

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, जिल्ह्याच्या आणि विभागाच्या स्पर्धा खेळते. सिंथेटिक तीन आठवड्यांत तोडते. प्रशिक्षक म्हणतात फुल पॉली टाका, खर्च वाचेल. या चर्चेच्या सुरुवातीला ते बंद करा म्हणून लिहिलंय. मी कोणाचं ऐकू? आणि दुसरी शंका, दोन वेगवेगळ्या तारा स्पर्धेत चालतात ना? पंच काढायला लावणार नाहीत?

पॉली_पैलवान (जालना)

फुल पॉलीच टाका. तोडते म्हणजे जोरात मारते.

दुसरी_सर्व्हिस (छत्रपती संभाजीनगर)

पैलवान, गप बसा. बारा वर्षांचं हाड अजून वाढायलंय. साहेब, तीन आठवड्यांत तोडणं हे वाईट लक्षण नाही. ताजी तार मिळते तिला. खर्च खुपत असेल तर 200 मीटरचं रीळ घ्या. पूर्ण रॅकेटी सोळा-सतरा निघतात. आणि हायब्रिड करायचंच असेल तर उभी सिंथेटिक जाड, आडवी मऊ जातीची पॉली, ढिली ओढून. माझ्या नेहमीच्या शिफारशीच्या बरोबर उलटं, तेही फक्त मुलांसाठी.

आडवी_तार (नांदेड)

नियमाचं सांगतो. 1977 साली 'स्पघेटी' रॅकेट आली होती. उभ्या तारांचे दोन थर, आडव्या तारा त्यात विणलेल्याच नाहीत, त्यामुळे चेंडू वेड्यासारखा फिरायचा. त्याच वर्षी रोमानियाच्या नस्तासेनं ती वापरली आणि समोरच्या अर्जेंटिनाच्या विलासनं सामना अर्धवट सोडला. विलासची मातीवरची 53 सामन्यांची विजयी मालिका तिथं तुटली. मग आंतरराष्ट्रीय महासंघानं नियम केला की तारा एकाआड एक विणलेल्या हव्यात आणि जाळी सगळीकडे सारखी हवी. तारा कोणत्या जातीच्या हव्यात यावर बंधन नाही. पंच हात लावणार नाहीत.

मुलीच्या रॅकेटबद्दल आधी एक विचारतो, फ्रेम कोणती? हलकी आणि ताठ फ्रेम असेल तर तार कितीही मऊ टाका, दणका येणारच. फेडररची रॅकेट तारांशिवाय 340 ग्रॅमची होती, तेवढं वजनच अर्धा धक्का खाऊन टाकतं. आणि उन्हाळ्यात रॅकेट गाडीत ठेवत असाल तर ते आधी बंद करा. मे मध्ये पारा 42-43 ला जातो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. सकाळी केलेली गटिंग संध्याकाळी उतरलेली असते, मग ती कोणाच्याही मांडणीची असो.

बीडचा_बाप

गाडीतच असते. फ्रेम हलकी आहे, 255 ग्रॅम. आज काढून घरात ठेवतो.

जुना_लाकडी (छत्रपती संभाजीनगर)

इतकं सगळं झालंय तर एक करा. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटी घ्या, एकीत फुल सिंथेटिक, दुसरीत दुसरी_सर्व्हिसची जोडी, दोन्ही त्याच दिवशी गटिंग केलेल्या. रविवारी पैलवानाला जालन्याहून बोलवा, न सांगता दोन्ही हातात द्या. कोणती कोणती हे ओळखलं तर चहा-भजी माझ्याकडून.

पॉली_पैलवान (जालना)

येतो. पण काका, सिंथेटिक पांढरी असते, पॉली काळी. डोळे झाकून खेळायचं का?

आडवी_तार (नांदेड)

सिंथेटिक काळ्या रंगातही मिळते. दोन्ही माझ्याकडे पाठवा, शुक्रवारपर्यंत करून देतो. टेन्शन किती ठेवायचं तेवढं आपसात ठरवून सांगा.

लातूरी_लॉब

52.

दुसरी_सर्व्हिस (छत्रपती संभाजीनगर)

सिंथेटिक 52, पण माझ्या जोडीतली पॉली 50. वर सांगितलंय ना.